लख्ख उजेडात तीन टॉर्च

हॅलो?… हो, हो, ताईच बोलतेय. वॉर्डातूनच… नाही गं, ड्यूटी संपली, आत्ताच हात धुऊन टेकलेय. सहजच फोन केलास ना? बरं केलंस. आज काय झालं माहितेय?… अगं ऐक ना! वीज गेली. ऐन बाळंतपणात!… घाबरतेस काय, पुढे तर ऐक. आम्हाला पत्ताच नाही! व्हरांड्यातला पंखा थांबला तेव्हा कळलं… हो ना, व्हरांडा सौर विजेवर जोडलेला नाही, बाळंतपणाची खोली आणि बाळांची, एवढ्याच. तर पंखा थांबला, आणि मोठ्या मॅडम सवयीने ओरडल्या, "टॉर्च!" झालं! आम्ही तिघी तीन टॉर्च घेऊन हजर. लख्ख उजेडात! वर दिवा जळतोय, आणि आम्ही आपल्या टॉर्च रोखून उभ्या… हस, हस. ती बाळंतीणसुद्धा हसली. जोर देता देता हसली गं! मुलगी झाली.

छे, जनरेटर कसला! तो खोकणारा म्हातारा गेला मोडीत. छतावर पॅनेल, खाली बॅटऱ्या… काल दिवसभर आभाळ भरलेलंच होतं, तरी आज चाललं ना? आणि पॅनेल पुसतो आम्हीच. चादरी वाळत घालायची जागा गेली म्हणून आयाबाई आधी फुगून बसल्या होत्या. आता पॅनेलवर कावळा बसला तरी काठी घेऊन धावतात!

माहितेय गं. तुझ्या थोरलीच्या वेळी इथे वीज गेली, तेव्हा टॉर्च मीच धरला होता… हो, "मेले तरी पुन्हा इथे येणार नाही" म्हणालीस. विसरले नाही मी. या खेपेला खासगीत नाव नोंदवलंयस, जा तिकडे, मी गळ घालणार नाही. पण अभिमान वाटतो तो सांगू की नको? सरकारी म्हणून सगळे नाकं मुरडतात. आज अख्खा रस्ता अंधारात, आणि उजेड फक्त आमच्याकडे!

हॅलो?… अगं, कण्हतेस का अशी?… काय? दुपारपासून? अगं बये, कळा येताहेत आणि तू माझ्या गप्पा ऐकत बसलीस!… बरं, बरं. श्वास घे. हळू. त्यांच्या दवाखान्यात फोन करून… काय म्हणालीस?… इकडे?… पुन्हा बोल एकदा… नाही, रडत नाहीये मी! नवऱ्याला गाडी काढायला सांग. ठेव फोन, ठेव!… अहो आयाबाई! खिडकीजवळची खाट तयार करा. माझी बहीण येतेय… हो, हो, आपल्याकडेच!