स्तुदेन दोलच्या मागची खूण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या साप्ताहिकाचे संपादक श्री. दोब्रोमिर पेत्कोव, प्रमुख पाहुणे म्हणून आलेले 'स्तुदेन दोल' पाण्याच्या कंपनीचे श्री. कालोयान इलिएव, छापखान्यातली मंडळी, आणि एवढ्या थंडीत लोवेचच्या या सभागृहात जमलेले आपण सगळे,

मुद्रितशोधक बाईला बोलायला उभं करणं धोक्याचंच. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं छाटली, आता स्वतःचं कुठे थांबवावं ते कळत नाही. फुलं दिलीत, कौतुक केलंत, भरून पावले. तरी निवृत्त होताना एक मागणं आहे.

स्तुदेन दोल हे माझं गाव. बाटलीवर ते नाव यायच्या फार आधीपासून. खांद्यावरच्या काठीला दोन्ही बाजूंनी तांब्याची भांडी अडकवून आई झऱ्यावरून यायची. पाणी हिंदकळू नये म्हणून जपून चालायची, तरी तिचा एक ताल असायचा. आता घरं बंद आहेत. कोणी सोफियाला गेलं, कोणी स्पेनला. दिवा दिसतो तो कारखान्याचा.

कंपनीनं ते नाव नोंदवलं, त्यात गैर काहीच नाही. जाहिरातीत नावामागे नोंदणीची खूण, गोलातला इंग्रजी आर, टाका, असं त्यांनी कळवलं. आमचे संपादक पडले सावध. त्यांनी तो बातम्यांत, लेखांतही टाकायला लावला. मी म्हटलं, ज्याचा माल त्यानं खूण लावावी. आपण नुसतं त्याविषयी लिहितो, नाव नीट लिहिलं की झालं. यावर ते म्हणाले, "बाई, एवढ्याशा खुणेनं कागद फाटतो का?" आणि संगणकाला तशी आज्ञा देऊन टाकली.

संगणक आज्ञाधारक निघाला. आमच्या गावच्या पेनाबाई इथे लोवेचमध्ये वारल्या, त्यांचं निधनपत्रक आपल्याच छापखान्यात छापलं. रीतीप्रमाणे ते फाटकावर, बसथांब्यावर चिकटलं आणि लोकांनी वाचलं: जन्म स्तुदेन दोल, आणि त्यामागे गोलातला आर. त्यांचे भाऊ ग्रोझ्दानकाका ते पत्रक घेऊन आले. डोक्यावरची टोपीही काढली नाही. म्हणाले, "माझी बहीण काय तुमच्या बाटलीत जन्मली होती?"



कालोयानसाहेब, तुम्ही फोनवर काय म्हणालात ते सांगते, रागावू नका. "अहो, आम्ही जाहिरातीपुरतं सांगितलं होतं. मेलेल्या माणसाला खूण लावा असं कोण सांगेल?" पत्रक पुन्हा छापलं. लेखांतली खूण मात्र तशीच आहे. संपादक म्हणतात, विचार करू.

अध्यक्षमहोदय, तो विचार आज करा. मी वाचत वाचत त्या नावापाशी येते, उतार दिसायला लागतो, ओल्या दगडांचा वास येतो, आणि तेवढ्यात तो गोल आडवा येतो. फाटकाशी उभं राहून कोणी विचारावं, "कोण हवंय?" तसा. मला असं विचारणारंही तिथे आता कोणी उरलेलं नाही.

आपण सगळ्यांनी जीव लावलात, मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. उद्यापासून मी आपली साधी वाचक. तिकडची बस कधीच बंद झाली. तेवढं एक नाव मोकळं ठेवा, मला त्यावरून गावी जाता येईल.