नाव सांगितलं तरच गुण

परीक्षा सगळ्यांना सारखीच हवी म्हणता ना, मग आमच्या सोनाक्काचं ऐका. निपाणीकडच्या आमच्या गावच्या शाळेत चौथीत लग्न झालेली मुलगी ती एकटीच. सासूनं बजावलं होतं, नापास झालीस तर शाळा बंद.

शाळा तपासणारे दिपोटीसाहेब तोंडी परीक्षेला आले. त्यांनी तिला विचारलं, “तोरणा किल्ला कोणी घेतला?”

“जिजाबाईंच्या लेकानं.”

“नाव सांग.”

“संभाजीराजांच्या वडलांनी.”

“जिल्ह्यात सगळ्यांना हाच प्रश्न आहे. नाव सांगितलं तरच गुण.”

सोनाक्का पदराचं टोक पिळत राहिली. शेवटी वर्गातल्या पोरांतून मीच म्हटलं, “साहेब, तिच्या मालकाचं नाव शिवाजी हाय. ती कसं घेणार?”

“नियम सगळ्यांना एकच,” म्हणत साहेबांनी टाक शाईत बुडवला.

तेव्हा सोनाक्का हळू पण नीट म्हणाली, “साहेब, घरी गेल्यावर तुमच्या मंडळींना तुमचं नाव इचारा. त्यांनी सांगितलं, तर मला नापास करा.”

मास्तर जमिनीकडे बघायला लागले. साहेबांचा टाक हातातच राहिला.

“बरं,” ते म्हणाले, “तोवर पास.”

पुढल्या वर्षी साहेब पुन्हा आले. सोनाक्का पाचवीत होती. वर्गात शिरताच त्यांनी आधी तिलाच शोधलं.

“घरी परीक्षा घेतली,” ते म्हणाले. “लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मंडळी नापास.”