चाळीस बटणं

आत्या : बघ, पुन्हा तेच! पत्ते चांगले आले की बटणांचा डोंगर लावतेस, भिकार आले की दोनच सरकवतेस. तुझे पत्ते बघायची गरजच पडत नाही मला.

भाची : मग किती लावू?

आत्या : मधल्या ढिगाच्या निम्मी. पत्ते कसेही असोत, निम्मीच. समोरच्याला पत्ता लागता कामा नये.

भाची : शिलाई सोड आणि पोकरचा क्लास काढ तू.

आत्या : वाट पत्ते. शेवटचा डाव. मी जिंकले, तर मोतीबिंदूचं नाव पुन्हा काढायचं नाही.

भाची : आणि मी जिंकले, तर उद्या सकाळी ऑपरेशनची तारीख घ्यायची. परवा वकिलांच्या काळ्या कोटाला निळं बटण लावलंस.

आत्या : शोभत होतं ते!

भाची : हे मधले, दोघींच्या सामाईक पाचांतले तीन पत्ते उघडले. मध्ये वीस बटणं. माझी दहा.

आत्या : शहाणी! बरोब्बर निम्मी. ही माझी दहा. उघड चौथा. बदाम?

भाची : चौकट, आत्या.

आत्या : लालच ना? पुढे चल.

भाची : या फेरीत दोघींनीही काही लावलं नाही. हा पाचवा. एक्का! आणि ही माझी सगळी. चाळीस.

आत्या : सगळी? अगं, माझ्या हातात राजांची जोडी आहे!

भाची : मग लाव की तूही.

आत्या : थांब, तोंड बघू तुझं. छे, नुसतं धुकं. पण एक्का पडला रे पडला की डोंगर? लहानपणापासून ओळखते तुला. दुसरा एक्का आहे तुझ्याकडे, म्हणजे तुझी जोडी माझ्या राजांहून मोठी. घे बाई, सोडला डाव.

भाची : बघ आता.

आत्या : (पत्ते नाकाशी धरून) सत्ती... आणि तिर्री? साधी जोडीसुद्धा नाही?

भाची : ढीगभर लावली की माझे पत्ते चांगले, असं तूच म्हणालीस ना? म्हटलं, एवढी पत आहे तर एकदा वापरून घेऊ.

आत्या : कार्टे! माझ्याच टेबलावर मलाच टोपी घातलीस! हसून हसून पोट दुखलं गं माझं.

भाची : मग, सकाळी फोन करू?

आत्या : कर. ...डोळा उघडाच ठेवून करतात ना गं?

भाची : थेंब घालून बधिर करतात. काही कळत नाही.

आत्या : दुखण्याचं नाही म्हणत मी. तू आत येशील?

भाची : दारापर्यंतच येऊ देतात.

आत्या : मग दारात बडबडत राहा. ऐकू आलीस की झालं.