जरीकाठाचं कव्हर

मुलांनो, डोळ्यांपुढे आणा बरं: नवीन जालन्यातलं बियाण्यांच्या कंपनीचं ऑफिस, साल दोन हजार चार. गल्ल्यावर दीपचंदशेठ, कंप्युटर दुरुस्तीला मच्छिंद्र, रांगेत धावड्याचे कडूबाआजोबा आणि त्यांची नात मुक्ता. पावती निघाली तरच बियाणं मिळणार, आणि गावाचा टेम्पो एक वाजता सुटणार. मुक्ता एकदा आजोबांचं घड्याळ बघायची, एकदा कोपऱ्यातला पावत्या काढणारा सर्व्हर.

"मच्छिंद्र, परत एरर!"

"दीपचंदशेठ, आत्ताच तर चालू करून दिल्ता."

"दहा मिनिटं न्हाई चालला. महिना झाला, रोज हेच. जल्दी बघ."

"कव्हर काढतो, थांबा. बाप रे, तव्यावानी तापलाय! घ्या, झाला चालू."

"मंग कव्हर घाल आधी. आईनं जरीकाठाचं शिवलंय. धूळ बसाय नको."

"घातलं. चारी बाजूंनी दाबून घातलं."

"पोळ्याच्या बैलावानी नटवलाय की हो!"

"कडूबा, चेष्टा नको. तुमचाच नंबर हाये. नाव सांगा, गाव सांगा... अरे मच्छिंद्र, परत एरर!"

"सॉफ्टवेअरमधीच गडबड असंल, शेठ. पुण्याला फोन लावू."

दोघं फोनकडे वळले. घड्याळात पाऊण वाजला होता. मुक्ता रांगेतून निघाली, तिनं कव्हर ओढून काढलं, त्याच्या चार घड्या घातल्या आणि त्यावर मांडी घालून बसली.