तिन्ही गोळे वर गेले की

(स्वयंपाकघर. पलीकडच्या खोलीत मास्तर झोपलेले, दार नुसतं लोटलेलं.)

अक्का: …तर मी म्हणते, माझ्या थोरल्या लेकीला जुळं झालं ते हे वर्ष. घरात नुसता आनंद असायचा. आणि माझ्या भावाला ह्याच वर्षी छाती उघडून घ्यायची वेळ यावी!

वहिनी: हळू बोला अक्का. जागे असतील.

अक्का: जागा कसला, घोरतोय. बँडवाला माणूस तो, झोपेतसुद्धा गप्प बसायचा नाही. तू मला नीट सांग. लंबू गेला, हे त्याला अजून माहीत नाही?

वहिनी: नाही.

अक्का: अगं, जन्मभर शेजारी उभं राहून ज्याच्याबरोबर ट्रंपेट वाजवला, तो माणूस गेला आणि ह्याला पत्ता नाही? सांगितलंयस तरी काय?

वहिनी: मुलीकडे गेलेत म्हणून. मी काय करू हो? डॉक्टरांनी बजावलंय, मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. आणि ह्यांनी डोळे उघडले की पहिलं तेच विचारतात, लंबू आला का?

अक्का: बँडची मंडळी भेटायला येतील तेव्हा? एखाद्याच्या तोंडून निसटलं म्हणजे?

वहिनी: दारातूनच परत पाठवते. झोपलेत म्हणते. परवा तर एकाला पायरीवरच चहा दिला, बिचारा उभ्याउभ्या पिऊन गेला.

अक्का: हे असं किती दिवस चालायचं?

वहिनी: मी मनाशी ठरवलंय. हॉस्पिटलातून ते नळीचं यंत्र दिलंय ना, तीन गोळ्यांचं? छातीत दम भरून यावा म्हणून? तिन्ही गोळे वर गेले की सांगायचं. तेवढी ताकद आली म्हणजे सोसेल त्यांना. तोवर नाही.

अक्का: मग? किती जातात वर?

वहिनी: एकसुद्धा नाही. जागचा हलत नाही. भिंतीकडे तोंड करून बसतात, मला बघू देत नाहीत. काल पाणी घेऊन गेले तर डोळे पुसत होते. इतक्या वर्षांत मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं अक्का.

मास्तर: अगं ए! कोण आलंय गं?

वहिनी: अक्का आल्यात! चला अक्का, आत चला. आणि तो विषय काढू नका, माझी शपथ आहे.

मास्तर: ये अक्का. उठून उभा राहत नाही, रागावू नकोस. हातावर जोर द्यायचा नाही असं सांगितलंय.

अक्का: बस बस. बघू तोंड. दाढी वाढवून अगदी साधू झालायस की! जेवतोस का काही?

मास्तर: कशालाच चव नाही. चहा दिला तर वाटतं, भांडी विसळलेलं पाणी दिलं. पायातली शीर काढून छातीत जोडली म्हणे. म्हणजे आधी एक जागा दुखत होती, आता दोन झाल्या. ते राहू दे. अक्का, तू हिला जरा सांग. लंबूला बोलावून घे म्हणतो, तर ही मनावरच घेत नाही.

अक्का: त्याच्याकडे काय काम काढलंस?

मास्तर: माझा ट्रंपेट त्याच्या हवाली करायचाय. कपाटावर पडून गंजण्यापेक्षा त्याच्याकडे बरा.

वहिनी: अहो, असं काय बोलता?

मास्तर: खरं ते बोलतो. दम गेला माझा. आम्ही नाक्यावर सूर लावला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडायच्या. आणि आता? टिचभर प्लास्टिकचा गोळा हलत नाही माझ्याच्याने. डॉक्टर म्हणतो ऑपरेशन छान झालं. झालं असेल. पण माझं जे होतं, ते तिथेच टेबलावर राहिलं.

अक्का: बघू, माझ्यासमोर कर.

मास्तर: नको गं.

अक्का: माझ्यापुढे कसली लाज? तुझी दुपटी मी धुतलीत. कर म्हणते ना.

मास्तर: घे, फेड हौस. फूऽऽऽ… फूऽऽऽ… पाहिलंस? ढिम्म!

अक्का: हे काय केलंस?

मास्तर: काय म्हणजे? फुंकलं.

अक्का: अरे माझ्या शहाण्या! त्यात फुंकायचं नसतं! आत ओढायचं असतं. नळीने शरबत ओढतात तसं.

मास्तर: आत?

अक्का: आत! आमच्या ह्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा हेच दिलं होतं. दिवसभर ओढत बसायचे.

वहिनी: अहो, नर्सबाईंनी दाखवलं नव्हतं?

मास्तर: दाखवत होती. मीच म्हटलं, बाई, आमचा जन्म फुंकण्यात गेला, आम्हाला काय शिकवता? ती हसली आणि पुढच्या खाटेकडे गेली.

अक्का: आणि इथे बायकोचा जीव टांगणीला! घे ते तोंडात. आता ओढ.

वहिनी: सावकाश हं. घाई नको… अगंबाई! एक गेला!

अक्का: थांबू नकोस, ओढ!

वहिनी: दुसरा… दुसरा गेला… तिसरा हलतोय… अक्का, तिसरा बघा! गेला!

मास्तर: गेले? तिन्ही?

अक्का: तिन्ही. पार वरच्या टोकाला जाऊन चिकटले. अरे, हसू नकोस असा, टाके उसवतील! ती उशी घे, छातीशी दाबून धर आणि मग हस.

मास्तर: आई गं… दुखतंय… पण काय गाढवपणा! अगं, लंबूला फोन लाव. आत्ता लाव. ट्रंपेटवाला उलटं फुंकत बसला होता म्हणावं. वर्षभर हसेल तो मला, सगळ्या बँडला सांगत सुटेल. सांगू दे. लाव ना. अशी का उभी आहेस? अक्का, हिला काय झालं?

अक्का: मी जरा चहाचं बघते.

वहिनी: नका जाऊ अक्का. बसा इथेच.

मास्तर: काय झालं?

वहिनी: उशी सोडू नका. तशीच धरून ठेवा.

मास्तर: माझं हसून झालं.

वहिनी: धरा तरी. लंबूभावजी मुलीकडे गेलेले नाहीत.

मास्तर: मग कुठे आहे?

वहिनी: आधी मागे टेकून बसा.

मास्तर: अक्का?

अक्का: हळू श्वास घे बाळा. मी आहे इथे.

मास्तर: त्याला तर काही नव्हतं. मलाच झालं होतं. कधी?

वहिनी: तुमच्या ऑपरेशनच्या मंगळवारी. तुम्हाला आत नेलं, तो दिवसभर ते माझ्या शेजारी बाकावर बसून होते. पाणीसुद्धा प्यायले नाहीत. मी म्हटलं घरी जा, तर म्हणाले, जोडीदाराला आत सोडून कसा जाऊ?

मास्तर: मी वाचलो, ते कळलं होतं त्याला?

वहिनी: हो. डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं, ते ऐकूनच घरी गेले. त्याच संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, लंबूभावजी वारले.