लायब्ररी काढायला काय लागतंय!

…आणि वर ते कॉम्प्युटरचं मशीन मलाच शहाणपण शिकवतंय, म्हणे हे पॅकेज, हे प्रोग्रामचं गाठोडं, काढता येणार नाही! अरे, मालक कोण, तू का मी? तुम्हाला सांगतो, अठ्ठ्याण्णव साली साताऱ्यात लिनक्स चालवणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी, आणि त्यातलं अंगठ्याचं बोट म्हणजे हा उदयसिंह! काढायला काय लागतंय? आरपीएम, डॅश ई, पॅकेजचं नाव, एंटर. संपलं!

झालं काय, आमचे मामा, म्हणजे सासरे, नाथाजी सुभेदार, फौजेतनं रिटायर, म्हसवडहून यायचे होते. जावई शिरवळची कंपनी सोडून कॉम्प्युटर क्लास काढतोय ना, मग ते मशीन डोळ्यांनी बघणार, आणि पसंत पडलं तर साताऱ्यातला त्यांचा गाळा क्लासला देणार. नाही पडलं तर? तर जावईबापू परत शिरवळला, पहाटेची एसटी! आता फौजी माणसाला दाखवायचं काय? रणगाड्यांचा गेम! पण डिस्क गच्च… म्हटलं जागा करू. तर ही लायब्ररीची पॅकेजं. ना कुणी उघडतंय, ना पडद्यावर दिसतायत, नुसती बसून खातायत! त्यात जाडजूड कोण, तर सी भाषेची लायब्ररी. आपली सीची बॅच दिवाळीनंतर, मग हिला आत्तापासून कशाला पोसायचं? काढायला काय लागतंय!

मारला एंटर. तर पडद्यावर बाकीच्या प्रोग्रामांची ही भावकी! ‘आम्ही हिच्यावर अवलंबून’, ‘आम्ही पण’, ‘आम्हाला विसरला व्हय?’… संपेचना! अहो, लग्नात एका चुलत्याची टॉवेल-टोपी राहिली की अख्खी आळी पंगतीतनं उठते, तसलाच प्रकार. पण मी भावकीला भिणारा? माझ्या लग्नात सगळे रुसले, आणि संध्याकाळी जिलबीला हजर! लिनक्समधेही सोय आहे, डॅश डॅश नोडेप्स, म्हणजे भावकीला विचारायचंच नाही. दिलं ठोकून. गेली की!

पण इथं जिलबीला कुणी येईना हो… फायली दाखव म्हटलं, दाखवेना. गेम चालेना. बरं, परत बसवू, सीडी हातातच आहे… तर सीडी जोडून घेणारी कमांडच रुसलेली, तीही त्याच पंगतीतली! आणि दारात बूट वाजले.

“हं जावईबापू, दावा तुमचं मशीन. काय काय करतंय?”

काय काय करतंय! नुसता कर्सर लुकलुकतोय आणि आमच्या हिच्या तोंडचं पाणी पळालंय. एकच कमांड जिवंत होती, इको. आपण लिहू तेच परत म्हणायचं, एवढंच तिचं काम. आपण घाबरतोय होय? लिहिलं, इको, राम राम सुभेदार. पडद्यावर, राम राम सुभेदार!

मामा ताठ झाले. मी लगेच, इको, होय साहेब. मशीन म्हणतंय, होय साहेब!

“आयला, लय शिस्तीचं हाय! सांगंल तेवढंच बोलतंय, उलट शबूद न्हाई. घ्या तो गाळा!”

मिळाला गाळा! पण आता मामा रोज दारात खुर्ची टाकून बसतात हो. पोरं आली की, “सावधान! रांगेत!” निम्मी बॅच पळाली! हिला म्हटलं, मामांना म्हसवडला धाडूया, काढायला काय लागतंय? तिनं मामांचा चहा माझ्याच हातात ठेवला… आणि माझ्या डोळ्यांपुढं सगळी भावकी उभी राहिली. गाळा त्यांच्यावर, ही त्यांच्यावर, सासूबाई, त्यांच्या रानातनं येणारी ज्वारी…

तेवढ्यात मामा ओरडले, “जावईबापू, पंखा बंद करा!”

मी म्हटलं, होय साहेब.