वाजवून पाहिलेला माल

थांबा, थांबा! टाळकरी, जरा हात आवरा. गजर झाला, आता प्रश्न!

मंडळी, ऐका — एका माणसानं दुसऱ्याचा निरोप तिसऱ्याला पोचवला. गोड भाषेत पोचवला. त्यात धडधडीत खोटा असा एक शब्द नाही! तरी ज्याचा निरोप होता, तो बिचारा आयुष्यातून उठला. सांगा, पोचवणाऱ्याला पाप लागलं का नाही?... मागच्या काकू मान हलवतायत. नाही म्हणतायत. बरं काकू, शेवटी पुन्हा विचारतो!

आख्यान पुराणातलं नाही हं. रामायणात ई-मेल नव्हता — मारुतीराया स्वतः जायचे! आणि निरोप जसाच्या तसा सांगायचे.

तर शिरोलीच्या बाजूला एक फाउंड्री. नाव सांगत नाही, मालक अजून आहेत. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, पंपाचे भाग काढायचे — माल परदेशी जायचा. तिथं तपासणीला आकाराम खोत. शिक्षण सातवी. हातात एक छोटा हातोडा. प्रत्येक नगावर टोला — ठण्ण! चालला पुढं. मावशी, माठ घेताना तुम्ही बोटानं वाजवून बघता ना? तसंच! आत चीर असली की आवाज बसतो. डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं. एकोणतीस वर्षं त्या माणसाचा कान चुकला नव्हता.

आणि ऑफिसात एक अधिकारी. परदेशी पत्रव्यवहार त्याच्याकडं. इंग्रजीत एम.ए.! गळ्यात टाय! आता लपवून काय करू मंडळी — तो अधिकारी मीच. हो, हा फेटेवाला बुवा! तेव्हा देसाईसाहेब म्हणायचे मला. हसा, हसा. हसून घ्या.

मालकांनी पुण्याहून एक बाई आणल्या. दोन दिवसांचं शिबिर — धंद्यातलं इंग्रजी कसं लिहावं, कसं बोलावं. बाई हुशार, मी अजून त्यांना मानतो. त्यांनी शिकवलं काय? पत्राची सुरुवात आभारानं करा. आवाज चढवू नका. वाईट बातमी सौम्य शब्दांत द्या. आणि एक चौथी गोष्ट — ती मी वहीत लाल शाईनं लिहिली, खाली दोन रेघा मारल्या. ती मागनं सांगतो. सर्टिफिकेट मिळालं! मी चौकट करून देवघराशेजारी टांगलं. देवाला तरी कळू दे, काय भक्त आहे!

पुढच्याच शनिवारची दुपार. माल भरून कंटेनर गेटात उभा. मालक जर्मनीत, गिऱ्हाइकाबरोबर बैठकीत. फोन बंद. काही विचारायचं तर ई-मेल करायचा, आणि तोही इंग्रजीत — गिऱ्हाईक शेजारीच बसलेलं ना! तेवढ्यात आकारामदादा आले. चपला दाराबाहेर काढून, घामेजलेले. उभ्याउभ्याच बोलायला लागले. दोन-तीन मिनिटं बोलले असतील. माल जाऊ देऊ नका, असा सगळा सूर. मी मान डोलवत होतो — "हो दादा, हो, हो." आणि मनात? मनात इंग्रजी जुळवत होतो!

लिहिलं काय, ते मराठीत सांगतो. "आपल्या मोलाच्या सहकार्याबद्दल आभार. आमच्या अनुभवी तपासनीसांनी काही नगांच्या आवाजाबद्दल एक छोटीशी नोंद केली आहे. बाकी दर्जा समाधानकारक आहे. आपल्या मार्गदर्शनाची वाट पाहतो." खाली दादांचं नाव! कागद काढून त्यांच्यापुढं ठेवला. आमच्याकडं पद्धतच होती, ज्याचा निरोप त्याची सही.

"काय लिवलंय सायेब?"

"तुम्ही सांगितलंत तेच दादा. फक्त जरा रीतसर."

केली सही. मराठीत, मोठ्या अक्षरात. माझ्यावर विश्वास ठेवून!

अर्ध्या तासात उत्तर आलं — छान, माल सोडा. कंटेनर गेला. दादा गेटाशी उभे होते. मला वाटलं, गावाकडची बस बघतायत.

तीन महिन्यांनी तिकडं पंप तडकले. नशीब, कुणाला इजा झाली नाही. सगळा माल परत! मालकांनी तो सहीचा कागद टेबलावर आपटला. "खोत, सही तुमची! दर्जा समाधानकारक म्हणता, आणि हे काय?"

"म्या आसं म्हणालोच न्हाई मालक. म्या माल थांबवा म्हणालो हुतो. सायेबास्नी इचारा."

सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मंडळी, एक वाक्य लागत होतं. तेसुद्धा मराठीत! 'दादा खरं बोलतायत, मीच मऊ करून लिहिलं' — बस्स! पण या सर्टिफिकेटवाल्याच्या तोंडून ते निघेना. मी काय म्हणालो? "सर, आवाजाची नोंद मेलमध्ये आहे." बघा! खोटं आहे का? नोंद होतीच की! असला हलकट खरेपणा देव कुणाला न देवो.

दादांनी हातोडा काढून टेबलावर ठेवला. "ज्या कानावर इस्वास न्हाई, त्यो घिऊन हितं काय करू?" म्हणाले, आणि गेले. एकोणतीस वर्षं, मंडळी!

त्यांच्या दारात जायला मला दीड वर्ष लागलं. वाटेत माफी पाठ करत गेलो. दादा गोठ्यात वैरण तोडत होते. मी सुरू केलं — आधी आभार, मग थोरवी, मग खेद. हो, तीच रीत! दादांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "सायेब, माफी ऱ्हाऊ द्या. त्या दिशी म्या काय बोललो, तेवढं माझ्या शब्दात म्हणून दावा. येकदा तुमच्या तोंडनं ऐकू द्या."

मला आठवेना! आवाजाचं काहीतरी... थांबवा असं काहीतरी... आठवणार कुठनं? ते बोलत होते तेव्हा मी ऐकतच नव्हतो!

दादांनी विळा खाली ठेवला. "मग तुमास्नी सांगून उपेगच न्हवता की," म्हणाले, आणि घरात गेले. चहा मात्र पाठवला बाहेर. तो चहा मी कसा प्यालो, माझं मला ठाऊक.

पुन्हा जाईन, विचारीन म्हणेपर्यंत दादा वारले. त्या दुपारचे त्यांचे शब्द त्यांच्याबरोबर गेले. आज कुणालाच माहीत नाहीत.

आणि ती चौथी गोष्ट? लाल शाईची? ऐका — 'लिहिण्याआधी समोरच्याचं बोलणं त्याच्याच शब्दांत त्याला परत म्हणून दाखवा, आणि विचारा, बरोबर समजलो ना?' दादा गोठ्यात तेच मागत होते हो! त्यांना तर शिबिराला बोलावलंही नव्हतं. इंग्रजीला दोष देऊ नका, त्या बाईंना तर मुळीच नको. बाईंनी चार गोष्टी दिल्या. मी सोप्या तेवढ्या तीन घेतल्या.

काय काकू, आता काय म्हणता?... राहू दे. पण तुम्ही सगळे एक सांगा. आज देवळात यायला निघालात, तेव्हा घरात कुणीतरी तुम्हाला काहीतरी सांगितलं. आईनं, मालकिणीनं, सुनेनं. तुम्ही 'हो, हो' म्हणालात. काय शब्द होते त्यांचे? म्हणून दाखवा बघू!... नाही ना आठवत?

प्रसाद घ्या आणि थेट घरी जा. पुन्हा विचारा — काय म्हणत होतीस गं? सांगणारं माणूस घरात आहे, तोवर विचारा. मी आता कुणाला विचारू? दादांचे ते शब्द माझ्याकडं नाहीत, म्हणून टाय सोडून रोज असा उभा राहतो, आणि त्यांच्या जागी देवाचं नाव घेतो. उचला टाळ.